ओझं नसलेली बाई

अडतिसाव्या किलोमीटरला
डावा पाय माझा राहिला नाही.
मांडीत आलेला गोळा उतरेना,
तेव्हा मी त्याला शाळेतल्या पोर्तुगीजमध्ये नाही,
आईच्या क्रिओलमध्ये शिवी हासडली.
शिवी लागली. दहा पावलं चालला.

सांतो आंताओ बेटाचं हे पश्चिमेचं अंग.
झाड म्हणावं असं काही नाही,
सावली फक्त आपलीच, तीही या वेळी
बुटांत शिरून बसलेली.
आफ्रिकेकडून वाऱ्यावर धूळ आलीय,
सूर्याची कड पुसली गेलीय,
दात आवळले की वाळू कचकचते.
पहाटे पाण्यात कालवलेलं मीठ
आता माझ्या भुवयांवर आहे.

सकाळी आम्ही त्र्याण्णव जण होतो.
वर, ढगात, पाइनच्या रानातून निघालो थट्टा करत,
जोसिमार तर शीळ घालत होता,
मासेमार माणूस, छातीचा भाता केवढा.
आता तो खालच्या वळणावर
गुडघ्यांवर हात ठेवून ओकतोय.
मी थांबणार होते.
त्यानं वर न बघता हात हलवला: जा.

दगड.
सगळी वाट दगडांची, एकाला एक खेटून बसवलेली,
दुष्काळाच्या वर्षांत सरकारी कामावर
बायकांनी डोक्यावरून वाहून आणलेले.
त्यांत माझी आई होती, बेन्विंदा.
दिवसाच्या खेपा किती, कधी बोलली नाही.
मका किती मिळायचा, ते मात्र
शेवटच्या आजारातही तोंडपाठ.
आणि एवढं एक सांगायची:
वाटेत टोपली खाली ठेवायची नाही.
परत डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागते,
आणि दुसरीच्या डोक्यावर टोपली असतेच.

यातला तिचा दगड कुठला, मला काय ठाऊक.
उगाच एखाद्यावर पाय अलगद ठेवून बघते,
मग कळतं, अलगद ठेवायला जास्त ताकद लागते.
ती नाही.
धाडधाड टाकते पाय. आई, हे असंच आता.

वळणावर शेळ्या. शेळ्यांमागं पोरगा,
आठ-नऊ वर्षांचा, अनवाणी,
हातात तेलाचा जुना डबा.
माझ्या बाजूनं येऊ लागला.
मी धावतेय, तो चालतोय,
आणि आम्ही बरोबर आहोत.

"मावशी, खाली कोणी मेलंय का?"
"नाही."
"मग काय पोचवायचंय?"
"काहीच नाही."
त्यानं माझी पाठ पाहिली, हात पाहिले,
चेपलेली बाटली पाहिली.
"मग एवढा वेळ का लागतोय?"

हसू आलं. हसण्यात होता नव्हता तो दम गेला,
आणि बसावंसं वाटलं,
इतकं, की कठड्याचा एक दगड
उशीसारखा दिसायला लागला.
हात टेकला. तापलेला तवा.
हात पोळला म्हणून सरळ झाले,
खोटं कशाला सांगू,
टोपलीबिपली काही आठवलं नाही.

डब्याच्या तळाशी घोटभर पाणी होतं.
पोरानं ते मला दिलं नाही,
लंगड्या करडाचं होतं ते.
पण हनुवटीनं दाखवलं:
त्या सुळक्यामागं नळ आहे,
शनिवारी येतं पाणी, आज शनिवार.

शनिवार. मी तो शब्द तोंडात धरला,
गारगोटी धरावी तसा.
श, डावा. नि, उजवा.
वार म्हणताना पोटऱ्या दोन्हीकडून ओरडतात.
सुळका आहे तिथंच आहे.
घामही आता येईनासा झालाय, हे बरं नव्हे,
तेवढं अजून समजतंय.

मागं शेळ्यांच्या घंटा लांब होत गेल्या.
आणि मग पोराची आरोळी:
"मावशी! आज शनिवारच आहे ना गं?"

मला, खरं सांगते, आठवेना.
मान वळवायची तर एक पाऊल कमी पडलं असतं.
श.
नि.
वार.